दोन जावा आणि बुधवारची मालिका

ता. ८ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. ट्रान्सपोर्टवाल्याने ते दारात उतरवलं तेव्हा अर्धी गल्ली मागे उभी होती आणि उरलेली अर्धी खिडक्यांत. भाऊजींनी आत कोंबलेल्या जुन्या चादरी आईने आधी बाहेर काढून धुवायला टाकल्या, मग विचारलं की यात अजून काही आहे का. टीव्ही शाबूत आहे. तुम्ही रंगीत घेतलात म्हणून हा आम्हाला धाडलात, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीने आईसाठी टीव्ही पाठवला, एवढंच गल्लीला ठाऊक आहे. तुझा भाव वाढलाय, येशील तेव्हा जरा जपून वाग.

ठेवायचा कुठे यावर पुष्कळ काथ्याकूट झाला. शेवटी माझ्या बाइंडिंगच्या खोलीतच ठेवला, कारण तेवढी माणसं दुसरीकडे मावेनात. लोक पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांवर बसतात. खळीच्या भांड्यात आतापर्यंत तीन पाय पडून गेले. आईने एकच नियम घातलाय: समोरचं माणूस बोलत असताना बटण बंद करायचं नाही. बातम्या देणाऱ्या बाईने निरोप घेतल्यावरच बंद करायचं. नाहीतर पाहुण्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं, म्हणते.

आता खरी बातमी. काल काकू आली. होय, आपली काकू, भिंतीपलीकडची. तिच्या बेबीला बघायला आलेल्या मुलाच्या मावशीने आपल्या आईला ओट्यावर गाठून मुलगी कशी आहे म्हणून विचारलं होतं, त्याला नऊ वर्षं झाली. आईने आपलं कौतुकाने सांगितलं, की आमची पुतणी वाघीण आहे, कुणाचं ऐकून घेत नाही, बापालासुद्धा सरळ करते. मावशी हसली, चहा प्यायली, आणि आठवड्याने नकार आला. तेव्हापासून काकूने आईशी बोलणं टाकलं. मधे काका गेले, मग बाबा गेले. दोन्ही वेळा या जावा शेजारी शेजारी बसून रडल्या, पण चकार शब्द नाही.

तर काकू आली, पण आत नाही. उंबऱ्यावर बसली. उंबऱ्यावर बसणं म्हणजे घरात जाणं नव्हे, असा तिचा कायदा दिसतो. बेबी तिच्यामागे उभी होती. आईने पाण्याचा तांब्या हळूच उंबऱ्याकडे सरकवला. काकूने त्याकडे पाहिलं नाही, पण सगळे गेल्यावर तो रिकामा होता. तेवढ्यावर आईचा सबंध दिवस आनंदात गेला. मला म्हणाली, डोळे मिटायच्या आत तिने एकदा जाऊबाई म्हणून हाक मारावी, पुढे शिव्या घातल्या तरी चालतील. हे ती हसत म्हणाली, पण ताई, मला काही हसू आलं नाही.

भाच्यांना पापा. लोभ आहे तसा राहू दे, वाढला तर फार बरं.

तुझा,
धाकटा

ता. २१ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले, की सासूबाईंनी टीव्हीवरून मान वळवून पाहिलं. त्यांनी मान वळवली, ही आमच्याकडे पत्रात लिहायची गोष्ट आहे.

तुला वाटत असेल, ताईने आईची हौस केली. खरं सांगू? नवा आल्यावर जुना मुलांच्या खोलीत जाणार होता. एक होता तोवर निदान सगळे एका खोलीत गप्प बसत होते. दोन झाले असते तर दोन खोल्यांत गप्प बसले असते. म्हणून मी ही गप्प बसण्याची साथ बांधून तुमच्याकडे पाठवली. आता आमच्याकडे जेवायला सगळे एका ओळीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. मी वाढताना प्रत्येकाचा फक्त कान बघते. परवा माझं आणि यांचं कडाक्याचं भांडण झालं. ऐन रंगात आलं होतं आणि मालिका लागली. दोघंही बसलो. नंतर ते मिटलं की राहिलं, हे आजतागायत दोघांनाही माहीत नाही.

त्यामुळे काकूचं वाचून नवल वाटलं. आमच्या घरची बोलती माणसं ज्याने मुकी केली, तो तुमच्याकडच्या मुक्यांना बोलतं करणार असेल, तर त्याच्यावर रोज फडकं मार. पण आईला म्हणावं, तांब्या सरकवण्यात आणखी नऊ वर्षं घालवू नकोस. आणि बेबी कशी आहे? टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी चालू आहे ना? तिच्याबद्दल तू एक ओळ लिहिलीस, आणि तीही ती उभी होती एवढीच.

कामाकडे लक्ष ठेव. पत्राला पत्र मिळेल, उधारी चालणार नाही.

तुझी,
ताई

ता. ४ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कामाकडे लक्ष ठेव, असं तू लिहिलंस आणि नेमकी माशी शिंकली. शाळेच्या वाचनालयाची पुस्तकं बांधायला आली होती. बुधवारी मालिका बघता बघता शिवायला घेतली आणि चांगल्या डझनभर पुस्तकांच्या मधल्या पानांचे फर्मे उलटे शिवून ठेवले. मुलं म्हणे निम्मं पुस्तक वाचतात, मग ते फिरवून धरतात आणि पुढे वाचतात. हेडमास्तर रागवायला आले. तो बुधवार होता. बसले, मालिका संपल्यावर उठले, आणि रागवायचं विसरून गेले.

ही बुधवारची मालिका तुमच्याकडेही दिसत असेल. दोन जावांची. थोरली एक शब्द बोलून जाते आणि धाकटीच्या मुलीचं लग्न मोडतं. लिहिणारा आपल्या माळ्यावर लपून राहून गेला की काय, असं मला पहिल्या दिवशी वाटलं. त्या दिवशी खोलीत एवढी शांतता होती, की खळ सुकताना ऐकू आली असती. मग आई पडद्याकडे बघून म्हणाली, की बाई तोंडाची फटकळ आहे, पण मनात वाईट नव्हतं तिच्या. आणि उंबऱ्यावरून काकू, तीही पडद्याकडेच बघून, म्हणाली, की मनात काय होतं ते पोरीच्या आईने काय दिवा लावून बघायचं?

ताई, नऊ वर्षांनंतरचं हे पहिलं संभाषण. मधे पडदा होता, पण संभाषण ते संभाषणच.

आता दर बुधवारी हेच चालतं. आई म्हणते, थोरलीला झोप लागत नसेल. काकू म्हणते, लागत नसेल तर उठून धाकटीच्या दारात जावं, भिंतीला सांगून काय उपयोग. आई म्हणते, जाईल हो, पण धाकटीने दार नाही उघडलं तर? काकू म्हणते, आधी वाजवून तर बघ म्हणावं. गल्लीतली माणसं आता मालिका कमी आणि या दोघींना जास्त बघतात. काकू उंबऱ्यावरून आत सरकत सरकत पुठ्ठ्यांपर्यंत आली आहे. परवा तर आईच्या शेजारीच बसली. तुझ्या भावजयीने दोघींना एकाच ताटलीतून दोन कप नेऊन दिले. काकूने कप उचलला आणि साखर कमी आहे म्हणाली. पडद्याला.

आईला मी म्हटलं, की आता तोंडावर बोलून टाक ना. तिने मला वेड्यात काढलं. म्हणाली, की मालिकेतली थोरली अजून गेलेली नाही, तिच्या आधी मी कशी जाऊ?

बेबीचं विचारलं होतंस. नोकरी चालू आहे. मालिकेला यायची, मागे बसायची. हल्ली येत नाही. पाळी बदलून घेतली आहे म्हणे.

भाऊजींना नमस्कार. भांडण मिटलं की राहिलं ते कळव. लोभात खंड नसावा, मधल्या जाहिरातींपुरतासुद्धा.

तुझा,
धाकटा

ता. २० ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितोय. मन ठिकाणावर नाही.

गेल्या पंधरवड्यात बेबीने टीव्ही घेतला. नवा. अँटेना लावायला मीच त्यांच्या छपरावर चढलो. काकू खाली उभी राहून मला डावीकडे उजवीकडे करत होती आणि फार खूश दिसत होती. लेकीने स्वतःच्या कमाईने घेतला, आता कुणाच्या दारात जायला नको, असं शेजारणींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. मग जीभ चावली. पण बोलून गेली होती.

त्या बुधवारी आईने काकूची जागा धरून ठेवली. कुणी तिथे बसायला लागलं की म्हणायची, आहे तिथे माणूस. माणूस आलं नाही. ते आपल्या घरी, आपल्या टीव्हीसमोर होतं. भिंत एक, दोन्हीकडे तीच मालिका, तेच संवाद. आई पडद्याशी एकदाही बोलली नाही. उत्तर द्यायला कुणी नसेल तर बोलायचं कशाला?

आणि नेमकं काल मालिकेतली थोरली गेली. धाकटीच्या दारात उभी राहून म्हणाली, की माझं चुकलं. आपल्याकडे सगळ्या बायकांचे डोळे भरून आले. आईने पदराला डोळे पुसले, चपला घातल्या आणि बाहेर पडली. तुला माहीत आहे, वाटण्या झाल्यावर काकूचं दार मागच्या गल्लीत गेलं. पाच पावलांच्या माणसाकडे जायला सगळा वळसा. मी मागोमाग गेलो, पण कोपऱ्यावरच थांबलो. आईने दार वाजवलं. थांबली. पुन्हा वाजवलं. मग हाक मारली, जाऊबाई म्हणून. ताई, ही हाक ती काकूकडून ऐकायला बसली होती, आणि शेवटी तिनेच मारली.

आत टीव्ही मोठ्याने चालू होता. इतका, की मला कोपऱ्यावर ऐकू येत होता. दार उघडलं नाही. आई बराच वेळ तशीच उभी होती. मग परत आली आणि मला म्हणाली, की हिने मुद्दाम आवाज वाढवला. मलाही तसंच वाटलं.

आज सकाळपासून ती टीव्हीवर चादर टाकून बसली आहे, तूच पाठवलेली. तू काहीतरी लिही तिला. माझं ऐकत नाही.

तुझा,
धाकटा

ता. २२ ऑक्टोबर

चि. सौ. पुतणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहायला बसले की हात थरथरतो, म्हणून कमी लिहिते. तरी यावेळी लिहिल्यावाचून राहवेना. तुझ्या आईला सांगायचं ते तुला सांगते, कारण ती समोर असून सांगता येत नाही.

बुधवारी मालिकेत थोरली धाकटीकडे गेली, ते तू पाहिलं असशीलच. मला रडू आवरेना. बेबी कामावर होती, घरात मी एकटी. वाटलं, भिंतीपलीकडे जाऊबाईही हेच बघत असतील. त्यांना कळावं, की मीही बघते आहे आणि माझ्या मनात आता काही नाही. तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही गं, नऊ वर्षांचा गंज आहे. म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला. पुरता वाढवला. त्यांना भिंतीतून ऐकू जाईल, त्या समजतील, आणि मालिकेतल्यासारख्या दारात येतील, असं वाटलं. पदर सारखा करून बसले होते. चहाचं आधण ठेवलं होतं.

आल्या नाहीत. तुझी आई तुला प्रिय असणार, पण खरं ते सांगते: बाईचं काळीज दगडाचं आहे. मालिकेतली परकी बाई गेली, आणि ही सख्खी जाऊ भिंतीपलीकडून हलली नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. मुलांना टीव्हीच्या फार जवळ बसू देऊ नकोस, डोळे जातात म्हणतात. माया असू दे. तुझ्याकडून तरी.

तुझी,
काकू

ता. २७ ऑक्टोबर

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्यासमोर दोन पत्रं आहेत, एक धाकट्याचं आणि एक तुझ्या आईचं. मालिकेतली थोरली गेली त्या बुधवारी आमच्या आईने तुमचं दार दोनदा वाजवलं आणि हाकही मारली. तुझ्या आईने तिलाच बोलावण्यासाठी टीव्हीचा आवाज वाढवला होता, म्हणून तिला ते ऐकू गेलं नाही. यापुढे मी काय लिहू? हसावं की रडावं कळत नाही. तू दिवसभर परक्या माणसांच्या तारा जोडून देतेस, ही एक घरची जोडून दे बाई. तुझं कसं चाललं आहे तेही कळव, मात्र आधी हे काम कर.

माझ्यावर राग नसावा. असला तर तोही लिही.

तुझी,
ताई

ता. ५ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तार जोडून दिली. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती आधी माझ्यावर चिडली, की दार वाजलं तर मला कसं कळणार. मग तशीच उठली आणि तुमच्या घरी मोठ्या आईकडे गेली. टीव्ही बंद करायला विसरली. मी केला.

दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमधून आले तर दोघी आमच्या खोलीत, मधे चहा. आईची जाऊबाई म्हणून हाक मारून झाली होती, दोघींचे डोळे लाल होते. झालं गेलं यावर एक अक्षर निघालं असेल तर शपथ. माझ्यासमोर चाललेलं बोलणं सांगते. आई म्हणाली, की थोरलीने फार वेळ लावला. मोठी आई म्हणाली, की हो, लावला खरा. आई म्हणाली, पण आली. मोठी आई म्हणाली, आली. झाली माफी. मागून झाली, देऊन झाली, आणि दोघींनी चहा संपवला.

मग मला पाहून दोघी हसल्या. मलाही आनंद व्हावा, असं त्यांना वाटत होतं. ताई, मला आनंद झाला नाही. मी टीव्ही का घेतला, हे धाकट्याने तुला सांगितलं नसेल, कारण त्याला ठाऊकच नाही. तुमच्या खोलीत मालिका चालू असायची, तेव्हा ती लग्न मोडलेली मुलगी पडद्यावर आली की निम्मी माणसं तिच्याकडे बघायची आणि निम्मी मान वळवून माझ्याकडे. मी रडते का, ते बघायला. चौतिसाव्या वर्षीही मी गल्लीला बेबीच आहे, तेवढं पुरे होतं. आधी मी पाळी बदलून पाहिली. पण आई माझ्याशिवाय यायची आणि घरी येऊन सगळं पुन्हा सांगायची. शेवटी म्हटलं, निदान आपल्या घरी दार लावून तरी बघता येईल.

म्हणून मी दोघींना विचारलं, की मालिकेतल्या त्या मुलीचं पुढे काय झालं. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. आई म्हणाली, ती शिकायला गेली. मोठी आई म्हणाली, छे, मामाकडे ठेवली तिला. त्यावर दोघींचा वाद लागला, चांगला तोंडावर, नऊ वर्षांनी. खरी गोष्ट अशी, की ती मुलगी गेल्या पाच-सहा बुधवारांत आलेलीच नाही. जावांचं भांडण रंगल्यावर लिहिणाऱ्याला तिची गरज राहिली नसावी. एवढी डोळ्यांत तेल घालून मालिका बघणाऱ्या या दोघी, पण ती नाहीशी झाली ते एकीच्याही लक्षात आलं नाही.

मी एवढंच म्हटलं, की माझंही तसंच झालं. मला बरं वाटत नव्हतं आणि ते लपवावंसंही वाटत नव्हतं. आईचा हात सवयीने टीव्हीच्या बटणाकडे गेला. मोठ्या आईने तो धरला. मग तिने मला विचारलं, की बेबी, तुला तो मुलगा आवडला होता का गं?

तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं. बघायला आले त्या दिवशी नाही, नकार आला त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. माझ्यावरून दोन घरं एकमेकांशी बोलायची थांबली, आणि माझ्याशी त्याबद्दल कुणी बोललंच नाही.

मी सांगितलं, हो, आवडला होता.

मोठी आई रडली. मालिकेत रडतात तसं नाही, तोंड वेडंवाकडं करून, नाक गळेपर्यंत. मालिकेतल्या थोरलीचं नाव मधे न आणता, माझं चुकलं म्हणाली, आणि या खेपेला मला म्हणाली. आई शेजारी बसून होती, तिला काय करावं ते सुचेना, म्हणून तिने माझ्या पायातल्या चपला काढल्या. मी बाहेरून आल्यापासून तशीच उभी होते, हे तिला तेव्हा दिसलं.

तो कोण, कुठे असतो, असं तू विचारशील. नको विचारूस. तू आमची तार जोडलीस, पण त्या पत्रातही माझी खुशाली तू आधी हे काम कर म्हणून मागे सारलीस. रागाने लिहीत नाही, राग असला तर तोही लिही असं तूच लिहिलंस म्हणून लिहिते. आता मुलगा बाजूला राहू दे, मालिका बाजूला राहू दे. मी एक्स्चेंजमध्ये दुपारी काय खाते, माझ्याशी कोण बोलतं, मला बेबी म्हटलेलं आवडतं का, असलं काहीतरी विचार.

लोभ आहेच. आता चौकशीही असावी, ही विनंती.

तुझी,
बेबी